कंबोडियातील तुओल स्लेंग संग्रहालय मार्गदर्शकासह पाहावे का? यात्रेला निघालेल्या गटासाठी सल्ला हवा आहे

पैनगंगाकाठ (उमरखेड तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना सप्रेम जय भीम आणि नमस्कार.

आमच्या तालुक्यातील चार-पाच गावांचे मिळून एकोणीस उपासक-उपासिका येत्या जानेवारीत थायलंड आणि कंबोडियाच्या यात्रेला निघत आहेत. त्यांतील बहुतेक जण साठीच्या पुढचे आहेत. तिघी जणी मजुरीवर जाणाऱ्या असून त्यांनी पाच वर्षे कापूस वेचणीच्या पैशांतून थोडे थोडे बाजूला टाकून ही रक्कम उभी केली आहे. आमच्यापैकी कोणीही आजवर परदेश पाहिलेला नाही. बँकॉकचे विहार आणि अंगकोर वाट पाहून झाल्यावर शेवटचा पूर्ण दिवस नॉम पेन्ह शहरात आहे, आणि यात्रेची व्यवस्था करणाऱ्यांनी त्या दिवशी सकाळी तुओल स्लेंग येथील वंशसंहार संग्रहालय व दुपारी शहराबाहेरचे चोएंग-एक स्मारक, म्हणजे तिथल्या कैद्यांना नेऊन मारले ती जागा, ठेवली आहे. दोन्ही ठिकाणी इंग्रजी बोलणारा स्थानिक मार्गदर्शक सोबत असेल, असे कार्यक्रमपत्रिकेत लिहिले आहे.

गेल्या रविवारी विहारात बैठक झाली तेव्हा या एका दिवसावरून मतभेद झाले. आमच्यातील एका ज्येष्ठ उपासकांचे म्हणणे असे की आपण तीर्थयात्रेला निघालो आहोत, तिथे जाऊन माणसांच्या कवट्या कशासाठी पाहायच्या. त्यापेक्षा तो दिवस एखाद्या विहारात बसून काढावा. काही जणांना बाजार पाहायचा आहे. मी त्या बैठकीत काही बोललो नाही, कारण माझी माहिती वर्तमानपत्रातील दोन-तीन लेखांपुरती होती. मनातून मात्र मला तिथे जायचे आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षे शिकवले. तुओल स्लेंगची जागा १९७५ पूर्वी एक माध्यमिक शाळा होती, तिच्या वर्गांत विटांच्या भिंती घालून कोठड्या केल्या गेल्या आणि त्या तुरुंगाचा प्रमुख पूर्वी गणिताचा शिक्षक होता, हे वाचल्यापासून ती शाळा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

जाऊन आलेल्यांना मला विचारायचे आहे की मार्गदर्शकासह फिरणे आमच्यासारख्या गटाला कितपत झेपेल. इंग्रजी समजणारे आमच्यात फक्त दोघे आहेत, आणि मी प्रत्येक वाक्याचे भाषांतर करत राहिलो तर ऐकणाऱ्यांच्या वाट्याला नेमके काय येईल, याची मला शंका वाटते. मार्गदर्शकाला त्याच्या स्वतःच्या कुटुंबाविषयी विचारावे की विचारू नये, हेही ठरवता येत नाही. शिवाय माझी तेरा वर्षांची नात सोबत आहे. तिला आत न्यावे का, आणि चोएंग-एक येथील स्तूपापाशी आम्हाला वंदना म्हणता येईल का, एवढे कृपया सांगावे.

---

धानबांधी (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

गुरुजी, नमस्कार. माझा मुलगा कामानिमित्त बँकॉकला होता तेव्हा, डिसेंबर २०१८ मध्ये, मी व माझी पत्नी तिकडे गेलो होतो आणि ही दोन्ही ठिकाणे आम्ही मार्गदर्शकासह पाहिली. मार्गदर्शक अवश्य घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे थोडे विस्ताराने सांगतो.

दार ओलांडल्यावर पहिल्यांदा दिसते ते खरोखरच शाळेचे आवार. तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मधे हिरवळ, चाफ्याची झाडे. कोणी सांगणारे नसेल तर माणूस पहिली दहा मिनिटे आपण एखाद्या तालुक्याच्या गावच्या जुन्या हायस्कुलात आलो आहोत असे समजून फिरेल. आमची मार्गदर्शक पन्नाशी ओलांडलेली बाई होती. तिने आम्हाला लगेच आत नेले नाही. झाडाखालच्या बाकावर बसवून ती वीस मिनिटे बोलली. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कंबोडियातील कट्टर साम्यवादी पक्षाचे सैनिक शहरात शिरले, अमेरिकेची विमाने बॉम्ब टाकणार आहेत, दोन-तीन दिवसांत परत याल, असे सांगून त्यांनी सारे शहर रिकामे केले, आणि रुग्णालयांतील रुग्णांनाही रस्त्यावर आणले. चलन रद्द झाले, बाजार, शाळा आणि विहार बंद झाले. शहरातून हाकललेल्यांना 'नवे लोक' आणि खेड्यातल्यांना 'जुने लोक' असे नाव पडले आणि नव्या लोकांच्या जिवाला किंमत उरली नाही. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी फौजा शहरात येईपर्यंत, म्हणजे तीन वर्षे आठ महिने वीस दिवस, हे चालले. तेवढ्या काळात उपासमार, रोगराई, कष्ट आणि हत्या यांनी गेलेल्यांची संख्या १५ ते २० लाखांच्या दरम्यान मानली जाते, आणि त्या देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ८० लाखांच्या घरात होती.

मी धानाचा शेतकरी आहे, म्हणून तिने सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात सर्वांत खोल गेली. सरकारने साऱ्या देशासाठी हेक्टरी तीन टन भाताचे लक्ष्य ठरवले होते. आपल्या हिशेबाने ते एकरी बारा क्विंटल होते. आज खत, सुधारित बियाणे आणि तलावाचे पाणी असले की हा आकडा मोठा वाटत नाही. त्या वेळी तिथली सरासरी याच्या निम्म्याहून कमी होती, खते नव्हती, आणि बांधीत रोवणीला उतरवलेली माणसे शहरातले शिक्षक, कारकून, डॉक्टर होती, ज्यांनी कधी चिखलात पाय घातला नव्हता. लक्ष्य गाठले नाही असे वर कळवणे म्हणजे मरण, म्हणून खालचे प्रमुख खोटे आकडे कळवत, त्या खोट्या आकड्यांप्रमाणे धान उचलले जाई आणि पिकवणाऱ्यांच्या वाट्याला पाण्यासारखी पेज येई. धान पिकवणारा माणूस धानाच्या बांधावर उपाशी मरतो, हे मी त्या दिवसापर्यंत कधी ऐकले नव्हते. आकडा फलकावरही लिहिलेला असेल. तो मला समजला तो तिच्यामुळे, कारण मी शेतकरी आहे हे कळल्यावर ती तिथेच थांबली आणि तिने मला आमच्याकडे एकरी किती होते ते विचारले.

आत चार इमारती आहेत. पहिल्या इमारतीतील वर्गांत लोखंडी खाटा जशाच्या तशा आहेत आणि भिंतीवर त्याच खाटेचे १९७९ मधील छायाचित्र आहे. शेवटच्या दिवशी तिथे सापडलेल्या १४ जणांच्या कबरी समोरच्या अंगणात आहेत. बाजूला मुलांच्या कसरतीसाठी उभारलेली लाकडी चौकट आहे. तिचे पुढे काय केले गेले ते मार्गदर्शक सांगेल, मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या इमारतीत छायाचित्रे आहेत. या तुरुंगाला एस-२१ असे सांकेतिक नाव होते आणि आणलेल्या प्रत्येकाचे छायाचित्र काढून जबाब लिहून ठेवण्याची तिथे पद्धत होती. सुमारे १५ ते १८ हजार माणसे तिथे आणली गेली. जिवंत सुटल्याची नोंद असलेली माणसे डझनभर. छातीवर क्रमांक लावलेले चेहरे ओळीने लावले आहेत, कडेवर तान्हे मूल असलेल्या बायाही त्यांत आहेत. आमची मार्गदर्शक त्या खोलीत एक शब्दही बोलली नाही. "इथे तुम्ही पाहा, मी दारात उभी राहते," एवढेच तिने सांगितले. तिसऱ्या इमारतीच्या व्हरांड्यांना अजून काटेरी तारांची जाळी आहे. वरून उडी टाकून कोणी स्वतःची सुटका करून घेऊ नये म्हणून ती लावली होती.

भाषांतराविषयी सांगतो. पत्नीला इंग्रजी येत नाही, म्हणून सुरुवातीला मी प्रत्येक वाक्य तिला सांगत होतो. पहिल्याच इमारतीत तिने माझा हात धरून मला थांबवले. तुम्हीही वाक्यावाक्याला भाषांतर करू नये असे मला वाटते. निघण्यापूर्वी विहारात दोन संध्याकाळी बसून हा सारा इतिहास मराठीत सांगून ठेवा, इमारतींचा क्रम फळ्यावर काढून दाखवा, म्हणजे तिथे गेल्यावर 'हीच ती चौकट', 'हीच ती खोली' एवढे सांगितले तरी पुरते.

दुपारचे चोएंग-एक शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे. एस-२१ मधील बहुतेकांना रात्री ट्रकमधून तिथे नेऊन मारले गेले. तिथे १२९ सामूहिक खड्डे आढळले, त्यांपैकी ८६ उघडले गेले आणि सुमारे नऊ हजार माणसांचे अवशेष मिळाले. उरलेले खड्डे तसेच ठेवले आहेत. वरून पाहिले तर गवत उगवलेल्या, पडीक सोडलेल्या बांध्यांसारखे ते दिसतात, आणि पावसाळ्यात मातीतून अजूनही हाडांचे आणि कापडाचे तुकडे वर येतात. मारलेल्यांच्या मुलांनाही का मारले, असे पत्नीने माझ्यामार्फत विचारले, तेव्हा त्या बाईने ख्मेर रूजचे एक वचन सांगितले की गवत उपटायचे तर मुळासकट उपटावे. पत्नीने आयुष्यभर निंदणाची कामे केली आहेत. परतीच्या वाटेवर ती काही बोलली नाही, आणि त्या वर्षी पहिल्यांदा बांधीवर निंदणाला उतरली तेव्हा तिने मला त्या वाक्याची आठवण करून दिली.

---

भद्रावती (जि. चंद्रपूर)

वरील प्रतिसादाबद्दल पूर्ण आदर ठेवून मी थोडे वेगळे मत मांडते. मार्गदर्शक चांगला मिळाला तर फार चांगले, परंतु यात्रा कंपनीने ठरवलेला मार्गदर्शक चांगलाच असेल असे धरून चालू नये. मी २०२२ मध्ये तीस जणांच्या गटाबरोबर गेले होते. आमच्या मार्गदर्शकाने सारे संग्रहालय पन्नास मिनिटांत उरकले, मागच्यांना त्याचे बोलणे ऐकू येत नव्हते, आणि छायाचित्रांच्या खोलीतून तर आम्ही रांगेने चालत बाहेर पडलो. मी दुसऱ्या दिवशी एकटी परत गेले, दारावर मिळणारा ऑडिओ गाइड कानाला लावला आणि साडेतीन तास तिथे काढले. एखाद्या खोलीत ऐकवेनासे झाले की ते बंद करून बाहेर बाकावर बसता येत होते. मराठीत तो मिळत नाही, ही अडचण आहेच.

एकट्याने फिरताना मला एक गोष्ट समजली जी आमच्या मार्गदर्शकाने टाळली होती. एस-२१ मध्ये आणलेल्यांत फार मोठा भाग ख्मेर रूजच्याच कार्यकर्त्यांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा होता. पक्षाला आपल्याच माणसांचा संशय येऊ लागला, एकाकडून जबरदस्तीने घेतलेल्या जबाबातील नावांवरून पुढच्यांना पकडले जाऊ लागले, आणि पहारा देणारी खेड्यातली किशोरवयीन मुलेही चुकीसाठी त्याच कोठड्यांत गेली. त्यामुळे भिंतीवरच्या चेहऱ्यांपैकी कोण केवळ बळी आणि कोण आधी दुसऱ्यांना छळणारा, हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही. गुरुजी, तुमच्या गटाला हे आधी सांगावे, कारण ते कळल्याशिवाय ती खोली अर्धीच पाहिली जाते.

गटातील कोणी विचारेल की स्वतःच्याच देशबांधवांना मारले तर त्याला वंशसंहार का म्हणायचे, म्हणून तेही लिहिते. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नॉम पेन्ह येथे चाललेल्या विशेष न्यायालयाने तुरुंगाचा प्रमुख डुक याला २०१० मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवले आणि अपिलात २०१२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. तो २०२० मध्ये कैदेत असतानाच मरण पावला. वंशसंहाराचा दोष नोव्हेंबर २०१८ च्या निकालात आला. व्हिएतनामी अल्पसंख्याकांच्या वंशसंहाराबद्दल नुओन चिआ आणि खिउ सांफान हे दोन वरिष्ठ नेते दोषी ठरले, आणि चाम मुसलमानांच्या वंशसंहाराबद्दल त्यांपैकी नुओन चिआ.

माझा व्यावहारिक सल्ला असा की व्यवस्थापकांना आजच फोन करून सांगा, संग्रहालयाच्या दारावर मिळणारा तिथलाच मार्गदर्शक हवा, एकोणीस जणांचे दोन गट हवेत आणि किमान अडीच तास हवेत. हे मान्य नसेल तर मी मार्गदर्शक न घेता जाण्याचा सल्ला देईन.

---

अकोला-कृषी (बार्शिटाकळी तालुका, जि. अकोला)

मी कंबोडियाला गेलेलो नाही. भाजीपाला आणि ठिबक सिंचनाच्या कामासाठी तीन वर्षे रवांडात होतो, आणि किगालीतील वंशसंहार स्मारक तीनदा पाहिले. गुरुजींनी मार्गदर्शकाला त्याच्या घरच्यांविषयी विचारावे का असे विचारले आहे, त्याच्याविषयी मला लिहायचे आहे, कारण ती चूक माझ्याकडून झाली आहे.

रवांडात ७ एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. बहुतांश तुत्सी या अल्पसंख्य समाजाची, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले बहुसंख्य हुतू समाजातले लोकही. गिसोझी टेकडीवरचे हे स्मारक २००४ मध्ये उघडले, आणि त्याच्या बागेत काँक्रीटच्या मोठ्या थडग्यांखाली अडीच लाखांहून अधिक माणसांचे अवशेष आहेत. माझ्याबरोबरचा मार्गदर्शक तिशीतला तरुण होता. त्याने सर्वांत जास्त वेळ एका लहानशा ओळखपत्रापाशी घेतला. बेल्जियमच्या राजवटीत, १९३० च्या दशकात, प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी की त्वा असा रकाना आला, तो स्वातंत्र्यानंतरही राहिला, आणि १९९४ मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर ते कार्ड पाहून कोण जगणार हे ठरले. आपल्याकडे दाखल्यावरचा जातीचा रकाना हक्क मिळवण्यासाठी लागतो, मी स्वतः त्याच्या आधारे शिकलो, त्यामुळे त्या कार्डापुढे मी बराच वेळ उभा राहिलो आणि मला नीट विचार करता आला नाही.

त्यानंतर लहान मुलांची खोली आली. तिथे मुलांची मोठी छायाचित्रे आहेत आणि खाली त्या मुलाचे नाव, आवडता खाऊ, आवडता खेळ आणि त्याला कसे मारले, एवढेच लिहिले आहे. तिथून बाहेर पडताना मी त्या तरुणाला विचारले, तुमच्या घरचे कोणी? त्याने दोन वाक्यांत उत्तर दिले, अतिशय सभ्यपणे. पुढच्या दालनात मात्र तो बोलला नाही, आम्ही फलक वाचत राहिलो आणि तो खिडकीपाशी उभा होता.

त्याच क्षणी मला माझी काकू आठवली. काका २००६ मध्ये कर्जापायी गेले. त्यानंतर काही वर्षे पत्रकार, अभ्यासक, पुढारी, संस्थांची माणसे आमच्या घरी येत. काकू प्रत्येकाला बाजेवर बसवी, चहा ठेवी, भिंतीवरचा फोटो काढून हातात देई आणि त्या सकाळची हकीकत सांगे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू चांगला होता. परंतु ते गेल्यावर त्या दिवशी घरात चूल पेटत नसे, हे त्यांच्यापैकी कोणाला कधी कळले नाही. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजण्याचा माझा विचार नाही. एक वंशसंहार आहे आणि दुसरे एका घराचे दुःख. सांगणाऱ्या माणसाच्या अंगावर त्या सांगण्याचे जे ओझे येते ते मी घरात पाहिले होते आणि तरीही परदेशात विसरलो, एवढेच मला कबूल करायचे आहे.

म्हणून विचारू नये. ज्याला सांगायचे असते तो स्वतः सांगतो, आणि तो सांगू लागला की मधे बोलू नये, उगाच हळहळू नये, आपल्याकडे मातीला गेल्यावर आपण जसे गप्प बसतो तसे बसावे. तुओल स्लेंगच्या अंगणात वाचलेल्यांपैकी चुम मेय आणि बौ मेंग हे दोघे वृद्ध आपल्या आठवणींची पुस्तके घेऊन अनेक वर्षे बसत, असे मी वाचले आहे. एक यंत्रदुरुस्ती करणारा होता म्हणून वाचला, दुसरा चित्रकार म्हणून. असे कोणी भेटले तर आधी नमस्कार करावा, छायाचित्र नंतर, आणि तेही त्यांनी हो म्हटले तरच. तिसऱ्या वेळी किगालीला गेलो तेव्हा मी फेरी संपल्यावर मार्गदर्शक बाईंना एकच विचारले, आमच्या गावी जाऊन आम्ही काय सांगावे असे तुम्हाला वाटते? त्या खाली बसल्या आणि अर्धा तास बोलल्या.

---

सेलू-वर्धा (जि. वर्धा)

गुरुजी, वंदनेच्या आणि नातीच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही म्हणून मी लिहिते. आमच्या महिला मंडळाचा गट २०२३ मध्ये गेला होता.

चोएंग-एक येथे १९८८ मध्ये उभारलेला स्तूप आहे. त्याच्या काचेच्या आत पाच हजारांहून अधिक कवट्या थरांमध्ये ठेवल्या आहेत. तिथे जोडे काढून जावे लागते. आम्ही पायऱ्यांखाली बसून हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटले, कोणी हरकत घेतली नाही, उलट दोन कंबोडियन आजीबाई आमच्या शेजारी हात जोडून बसल्या, कारण पालीतले शब्द त्यांचेही तेच होते. उच्चार मात्र वेगळा, त्यामुळे 'बुद्धं' आणि 'सरणं' एवढेच दोन्हीकडून जुळत होते.

तुमच्या ज्येष्ठ उपासकांना माझ्यातर्फे एक गोष्ट सांगा. ख्मेर रूजने ज्या गोष्टी मुळापासून नष्ट करायला घेतल्या त्यांत भिक्खूसंघ होता. भिक्खूंची चीवरे उतरवून त्यांना शेतात जुंपले, अनेकांना मारले, विहारांची गोदामे आणि तुरुंग केले. महा घोसानंद नावाचे कंबोडियन भिक्खू त्या काळात थायलंडमध्ये होते म्हणून वाचले. त्यांच्या घरचे सर्व गेले. ते सीमेवरच्या निर्वासित छावणीत गेले तेव्हा लोकांनी कित्येक वर्षांनी चीवर पाहिले, आणि त्यांनी तिथे 'नहि वेरेन वेरानि' (वैराने वैर शमत नाही) ही गाथा म्हणायला सुरुवात केली तेव्हा जमाव रडत रडत तीच गाथा म्हणू लागला. पुढे १९९२ पासून ते सुरुंग पेरलेल्या मुलखातून पायी धम्मयात्रा काढत. त्यांचे शिक्षण आपल्याकडे नालंदेला झाले होते, आणि ज्या जपानी भिक्खू फुजी गुरुजींच्या सहवासात ते राहिले ते फुजी गुरुजी १९३३ मध्ये गांधीजींना भेटायला आमच्या वर्ध्याला आले होते. वर्ध्यातील विश्वशांती स्तूप त्यांच्याच संघाचा. तुमच्या यात्रेत तो दिवस बाहेरचा वाटतो आहे. माझ्या मते अंगकोर वाटपेक्षाही तो दिवस उपासकांचा आहे.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या ज्या अधिवेशनात आपले शिवकालीन किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्याच अधिवेशनात तुओल स्लेंग, चोएंग-एक आणि एम-१३ या आणखी एका तुरुंगाची जागाही त्या यादीत आली. बाजाराचा आग्रह धरणाऱ्यांना हे सांगून पाहा.

नातीविषयी: पोलंडमधील ऑशविट्झ स्मारकाचे व्यवस्थापन १४ वर्षांखालील मुलांना आणू नये असे सुचवते, आणि मी तोच नियम इथेही पाळेन. तिला चोएंग-एकचे मोकळे आवार आणि स्तूप दाखवावा, तेही तिला आधी सारे सांगून व ती हो म्हणाली तरच. खड्ड्यांच्या वाटेवर एका झाडापाशी लोकांनी धागे आणि बांगड्या बांधलेल्या दिसतील. लहान मुलांना तिथे कसे मारले ते मार्गदर्शक सांगतो. त्या वेळी तिला घेऊन पुढे जावे. तुओल स्लेंगमध्ये तिच्यासोबत अंगणात एक मोठे माणूस बसवावे. तिथल्या दारावर हसणाऱ्या चेहऱ्यावर फुली मारलेली पाटी आहे, इमारतींत छायाचित्रे घेऊ नयेत असेही सांगतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. आपल्या लुगडी-पातळाला अडचण नाही.

---

पैनगंगाकाठ

आपण सर्वांनी एवढे मन लावून लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. काल संध्याकाळी विहारात मी ही सारी उत्तरे वाचून दाखवली. अकोल्याच्या बंधूंच्या काकूंची हकीकत वाचताना कापूस वेचणाऱ्या तिघींपैकी एक उठून बाहेर गेली. तिच्या घरीही तसेच झाले आहे, हे मला ठाऊक असूनही वाचताना भान राहिले नाही. ती थोड्या वेळाने परत आली आणि म्हणाली की मार्गदर्शक बाई असेल तर ती तिच्याजवळ बसेल, भाषेची गरज पडणार नाही.

ठरले ते असे. व्यवस्थापकांनी दोन गट आणि तीन तास मान्य केले आहेत, संग्रहालयाचा मार्गदर्शक मिळवून देण्याचेही कबूल केले आहे. पुढच्या दोन रविवारी मी फळ्यावर आवाराचा नकाशा काढून इतिहास सांगेन, आणि कोठड्यांतील माणसे दोन्ही बाजूंची होती हेही सांगेन. नातीला मी आत नेणार नाही; तिच्यासोबत अंगणात ते ज्येष्ठ उपासक बसतील. शाळेच्या इमारतीत पाऊल ठेवणार नाही, स्तूपापर्यंत येईन आणि गाथा मीच म्हणेन, असे त्यांनी सांगितले, आणि आम्ही ते मान्य केले.

माझ्या मनात एक गोष्ट घोळते आहे. ३३ वर्षे मी रोज सकाळी हजेरीपटावर मुलांची नावे लिहिली. तिथेही आणलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवली गेली, असे धानबांधी यांनी लिहिले आहे. त्या नोंदवह्या पाहायला मिळतात का? आणि स्तूपासाठी फुले इथून न्यावीत की तिथे मिळतात?

---

धानबांधी

गुरुजी, नोंदींची काही पाने आणि जबाबाचे कागद काचेखाली ठेवलेले आम्ही पाहिले. सारे दप्तर संग्रहालयाच्या अभिलेखागारात आहे. २००९ मध्ये युनेस्कोने ते जागतिक स्मृतिनोंदीत घेतले आहे. लिपी ख्मेर आहे, त्यामुळे तुम्हाला एकही नाव वाचता येणार नाही. मार्गदर्शकाला एखादे पान वाचून दाखवायला सांगा. आमच्या बाईने एक पान वाचले होते, आधी नाव, मग गाव, मग धंदा, आणि तिसऱ्या ओळीत 'शिक्षक' असा शब्द आला होता.

फुले आणि उदबत्ती स्तूपापाशीच मिळतात, इथून नेऊ नका. आतली वाट अरुंद आहे, काचेभोवती एका वेळी चार-पाच जणच फिरू शकतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना आधी जाऊ द्या आणि पायऱ्यांवर कोणीतरी हात द्यायला उभे राहा. दुपारी फरशी तापते; पायमोजे सोबत असू द्या.